दोन लाखांचा गजर

"तू सांग ना यार, एवढे पैसे टाकावेत का?"

पवईच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्याला सध्या महागड्या म्युझिक प्लेअरनं झपाटलंय. फोन लागत नाही, फोटो निघत नाही, नुसतं गाणं वाजवणारं यंत्र, आणि किंमत सेकंडहँड गाडीएवढी. रोज जेवणाच्या सुट्टीत मला फोटो दाखवतो. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, म्हणून त्याला वाटतं की मी एका शब्दात निकाल देईन. देऊ शकते की! कानाचा विचार केला तर नको, बिलकूल नको, गप घरी बस. पण असलं एक यंत्र मी रोज डोळ्यांसमोर बघितलंय. ते ज्या बाईनं घेतलं होतं, तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय माझं उत्तर पुरं होत नाही.

ती माझी घरमालकीण. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर तिचं घर होतं. आतली खोली तिनं मला भाड्यानं दिली होती आणि स्वतः हॉलमधल्या दिवाणावर झोपायची. मालवणची बाई, नवरा जाऊन थोडीच वर्षं झालेली. पहिले काही दिवस मी तिला "तुम्ही" म्हणत होते. एका सकाळी ती म्हणाली, "गो चेडवा, माका तुम्ही म्हणू नको. माका वाटता बँकेतून फोन इलो." तेव्हापासून ती काकी आणि तू.

काकीचं यंत्र साबणाच्या वडीएवढं होतं, पण हातात घेतलं की अडकित्त्यासारखं जड. ते ती एका मऊ फडक्यात गुंडाळून देवघराखालच्या कप्प्यात ठेवायची. ते तिनं अंधेरीच्या एका चकचकीत दुकानातून आणलं होतं, आणि खरेदीला जाताना भाजीची पिशवीच घेऊन गेली होती. दुकानदारानं तिला ऐकायला कुठलंसं परदेशी वाद्यवृंदाचं संगीत लावलं. म्हणे, ऐका आजी, किती बारीक बारीक ऐकू येतंय. काकीनं ते शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढला आणि विचारलं, "ह्याच्याहून महाग नाय?" त्यानं जरा महागाचं काढलं. काकीनं तेच घेतलं, न ऐकता. हे ती मला मोठ्या अभिमानानं सांगायची आणि मी कपाळाला हात लावायची.

गाणं ऐकण्याचे तिचे कायदे होते. पंखा बंद. फ्रिजचा प्लग काढायचा, कारण तो घरघरतो. कुकर लावला असेल तर शिट्टी होईपर्यंत थांबायचं. मग दिवाणावर मांडी घालायची, पदर डोक्यावरून घेऊन त्यावर हेडफोन. पदरावरून! मी म्हटलं, "काकी, मधे कापड आलं की आवाज दबतो." तर म्हणाली, "भजन आयकताना डोक्यार पदर नको?" दोन लाखांच्या यंत्रातला आवाज दीडशे रुपयांच्या साडीतून गाळून आत जायचा.

आणि हो, किंमत. किंमत ती सगळ्यांना सांगायची. डॉक्टरला, वॉचमनला, सिलिंडरवाल्याला. बांगड्याच्या वाट्यामागे वीस रुपये कमी करून घ्यायची आणि वर कोळणीला सांगायची, "माझ्याकडे दोन लाखांचा गाण्याचा यंत्र आसा." कोळीण म्हणायची, "मग माझे वीस रुपये कशाला कापतेस गं बाई?" मला लाज वाटायची. आमच्या घरात वस्तूची किंमत विचारली तरी आई विषय बदलायची. एकदा मी काकीवर चिडलेच. "अगं, चोर येतील ना! एकटी बाई तू, गावभर दवंडी कशाला पिटतेस?"

"येवंदे गो," काकी म्हणाली. "कोण तरी येवंदे."

माझ्या चिडण्याला आणखीही कारण होतं. माझे बाबा अकोल्याकडचे, भीमजयंतीला गाणारे. फाटक्या कर्ण्यातून त्यांचा आवाज वस्तीभर जायचा आणि बायका डोळे पुसायच्या. गाण्यात दम असेल तर भोंगाही चालतो, हे मी लहानपणीच शिकले. शेवटी एका रविवारी मी ठरवलं, हिची परीक्षाच घ्यायची. माझ्या ओढणीनं तिचे डोळे बांधले. गाणं तेच, हेडफोन तोच, आवाजही सारखा. एकदा वायर यंत्राला जोडली, एकदा माझ्या मोबाईलला. "सांग, महागाचं कुठलं?"

काकीनं मान डोलावत दोन्ही वेळा ऐकलं. मग ठामपणे बोट वर केलं. "ह्यो दुसरो. एकदम खणखणीत. ह्यो महागाचो."

"काकी! तो माझा मोबाईल होता! सेलमध्ये घेतलेला!"

मला वाटलं होतं की ती भांडेल, निदान ओशाळेल तरी. तिनं ओढणी सोडली, नीट घडी घालून माझ्या हातात दिली. "बरा," म्हणाली. "आता मटार सोल."

"अगं पण दोन लाख?"

"शिरा पडो तुज्या त्या टेस्टिंगार! मटार सोल म्हणतंय ना?"

मी मटार सोलले. पण माझं डोकं फिरलं होतं. स्वतःच्या कानानं खोटं ठरूनही ही बाई ढिम्म कशी?

यंत्रात हजारो गाणी मावत होती, तिनं मोजकीच भरली होती. त्यातली एक फाईल ती दुपारी एकटीनं ऐकायची आणि मला हात लावू द्यायची नाही. ती काय आहे, हे तिनं मला एकदा चहा पिता पिता सांगितलं.

तिचा नवरा भजनी बुवा होता. दिवसा मिलमध्ये, मिल बंद पडल्यावर इकडे तिकडे नोकऱ्या, आणि शनिवार-रविवारी डबलबारी. कोकणातली माणसं मुंबईत कुठंही गेली तरी डबलबारी त्यांच्याबरोबर जाते. समोरासमोर दोन भजनी मंडळं बसतात, दोन बुवा आळीपाळीनं गातात, एकमेकांना टोमणे मारतात, आणि लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. बुवा पेटी वाजवत गातो, त्याच्या बाजूला पखवाज. काकीच्या नवऱ्याचा पखवाज त्याचा सख्खा धाकटा भाऊ वाजवायचा. दोघं एकाच वर्षी गावाहून आले, एकाच खोलीत राहिले. काकी लग्न होऊन आली तेव्हापासून दिराचं ताट तीच वाढायची. "माझ्या भावाक मी इतक्या नाय वाढला," ती म्हणाली, "तितक्या भावजींक वाढला."

घाटकोपरला एक मोठी बारी झाली. गजर रंगात आला. गजर म्हणजे भजनाचा चढता भाग. लय वाढत जाते, माणसं उठून नाचायला लागतात. ऐन भरात ताल विस्कटला आणि सगळं कोसळलं. लोकांनी हुर्यो उडवली, समोरचा बुवा माइकवर हसला. तेव्हा काकीच्या नवऱ्यानं माइक ओढला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मंडळी, माफी असावी. आमचो पखवाज सुटलो."

भावानं पखवाज मांडीवरून खाली ठेवला आणि गर्दीतून निघून गेला. त्यानंतर तो घरी आला नाही. पखवाजाला कधी हात लावला नाही. मानखुर्दला वेगळं घर केलं, संसार केला. 'बुवाक बुडवणारो' म्हणून गाववाल्यांत त्याचं नाव झालं, ते कायमचं. बुवा वारले तेव्हा आला, स्मशानापर्यंत चालला, आणि तिथूनच परत गेला. या घराचा जिना त्यानं चढला नाही.

त्या बारीला काकी पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन. ती कॅसेट बुवांनी पुन्हा कधी लावू दिली नाही. ते गेल्यावर काकीनं ती एका दुकानात नेऊन यंत्रात भरून घेतली.

"चूक कोणाची, तां बघूचा आसा," ती म्हणाली.

"मग? कळली?"

"आयकतंय अजून."

मी म्हटलं, "काकी, कॅसेटमध्ये जे आलंच नाही, ते हे यंत्र कुठून आणणार? कितीही महाग असलं तरी?" ती म्हणाली, "तू गप रव." मी म्हटलं, "त्यापेक्षा सरळ त्यांना फोन कर ना." तर कळलं की फोन ती कितीदा करून बसली होती. दर वेळी त्यांची मुलगी उचलायची आणि म्हणायची, "बाबा झोपलेत." सकाळी झोपलेत, भर दुपारीही झोपलेत. असा झोपाळू माणूस मुंबईत दुसरा नसेल.

तिच्या सवयींतली एक मला तेव्हा कळलीच नव्हती. बुवांच्या मंडळाचा पखवाज हॉलच्या कोपऱ्यात, जुन्या चादरीच्या खोळीत उभा होता. दर वर्षी गणपतीआधी काकी तो टॅक्सीत घालून दादरला न्यायची आणि सैल झालेलं कातडं ओढून घेऊन यायची. वाजवणारं कुणी नव्हतं. मी विचारलं तर म्हणायची, "वस्तू बरी रवता." मला वाटलं, नवऱ्याची आठवण. माणसं कपडे जपतात, ही पखवाज जपते.

मग गाववाल्यांच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा आली. काकी मलाही घेऊन गेली. प्रसादाच्या रांगेत, बायकांच्या गराड्यात उभी राहून तिनं यंत्राची किंमत सांगितली, आणि एवढ्या मोठ्यानं, की पुरुषांच्या रांगेतल्या माना वळल्या. "एफडी मोडलंय," ती म्हणाली. "ह्यांची." कुणी कुजबुजलं, कुणी च्यक् च्यक् केलं. एक म्हातारी स्पष्टच म्हणाली, "बुवा गेलो आणि हिचा डोक्या गेला." मी जमिनीत गडप व्हायची बाकी होते. घरी आल्यावर मी तिला फाडफाड बोलले. काकी शिरा खात होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मानखुर्दची चार माणसा होती थय."

त्या पूजेनंतर तिनं नवीनच चाळा सुरू केला. रविवारी सकाळी कणकेचा एक छोटा गोळा मळायची आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची. एवढासा, दोन पोळ्याही होणार नाहीत असा. पहिल्या रविवारी मी तो सरळ माझ्या पोळ्यांच्या कणकेत मिसळून टाकला. केवढी भडकली! "इचारूक काय झाला तुका?" म्हणत पुन्हा नवीन मळला. मी हात जोडले. म्हटलं, म्हातारीचं खरंच काहीतरी बिघडलंय.

आणि असाच एक रविवार. सकाळची वेळ, मी किचनमध्ये डाळ शिजायला लावत होते. बेल वाजली. दारात एक उंच, वाळका म्हातारा. पांढरा इस्त्रीचा शर्ट, चपला पायांतच. मला बघून गोंधळला. मग माझ्या डोक्यावरून आत बघत म्हणाला, "वहिनी, खरा की खोटा?"

काकी दिवाणावरून उठली नाही. "काय तां?"

"दोन लाखांचा यंत्र घेतलंस म्हणतत. दादाची एफडी मोडून."

"खरा."

"लाज नाय वाटली? दादान जन्मभर राबून जमवल्यान, पोटाक चिमटो काढून, आणि तू ते गाण्यात घालवलंस?"

मी थक्क झाले. अर्ध्या आयुष्याचा अबोला, भावाच्या घराची पायरी न चढलेला माणूस, आणि आला कशाला तर वहिनीला झापायला! पण आपल्याकडे असंच असतं. नातं तुटलं तरी घरच्या बाईला चार शब्द सुनवायचा हक्क शाबूत राहतो. तो बजावायला माणूस मानखुर्दहून मुलुंडला येतो.

"भायरसून कित्या झापतास?" काकी म्हणाली. "आत येवा आणि झापा."

तो थांबला. मग चपला काढल्या आणि आत आला. काकीनं पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला, मला खूण करून गॅस बंद करायला लावला. यंत्र फडक्यातून बाहेर आलं.

"माका काय आयकूचा नाय," तो म्हणाला.

"इतके पैशे गेले ते कशात गेले, तां तरी बघा. मगे काय तां बोला."

आता जो किमतीवरून भांडायला आला, त्याला वस्तू तपासणं भागच होतं. त्यानं हेडफोन घातला. काकीनं बटण दाबलं आणि त्याच्यासमोर पाटावर बसली. त्या बारीत बसली असेल, तशीच.

मला काही ऐकू येत नव्हतं. मला फक्त त्याचा चेहरा दिसत होता, आधी रागीट, मग नुसता ताठ. थोड्या वेळानं त्याची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. त्याला ते कळलंही नसेल. डावा हात डाव्या गुडघ्यावर, उजवा उजव्या. बोटं वेग घ्यायला लागली, मान डोलायला लागली, म्हातारा बसल्या जागी तरुण होत चालला. आणि एका जागी त्याचे दोन्ही हात हवेतच थांबले.

त्यानं हेडफोन काढला नाही. पुढचं सगळं ऐकलं असणार, ते माइकवरचं वाक्यही. मग सावकाश काढून मांडीवर ठेवला.

"दादा आधी इलो," तो म्हणाला. "एक मात्रा आधी. मी दोनदा सावरलंय तेका. तिसऱ्यांदा नाय जमला."

"माका ठावक आसा," काकी म्हणाली.

"ह्यात आयकलंस?"

"नाय. त्याच दिवशी. मी समोर बसलेलंय ना? माझ्या कानाक कळला होता. पण हे रागावले होते, मी गप रवलंय. मगे रोज गप रवलंय. ते होते तवसर बोलूक धीर नाय झालो, आणि ते गेल्यार तुम्ही फोन नाय घेतलास." ती पाट पुढं सरकवून बसली. "आता तोंडार सांगतंय. चूक ह्यांची. तुमची नाय. पुढच्या पूजेक सगळ्या गाववाल्यांत उभी रवान सांगतलंय."

मला रडू आलं. मी किचनच्या दारात हातात चमचा धरून ढसाढसा रडले. माझ्यातली ती चुका शोधणारी बाई कुठं गेली होती, कोण जाणे.

म्हाताऱ्याची नजर कोपऱ्यातल्या खोळीकडे गेली. उठला, खोळ काढली, पखवाजावर अंगठा फिरवला.

"कातडा कोणी ओढला?"

"दर वर्षी ओढून आणतंय."

"वाजवता कोण?"

"कोण नाय."

तो पखवाज मांडीवर घेऊन खाली बसला. दोन्ही बाजू निरखल्या. मग वर न बघताच विचारलं, "कणीक आसा?"

काकी उठली. माझ्या बाजूनं किचनमध्ये आली, ओल्या फडक्याखालचा तो गोळा उचलला आणि बाहेर नेऊन त्याच्या हातावर ठेवला. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही, हे मला तेव्हा कळलं. किती रविवार ती बाई तो गोळा मळत होती!

वाजवलं त्यानं अगदी वाईट. बोटं आखडलेली, तोंडानं स्वतःलाच शिव्या. पण वाजवत राहिला, आणि काकी मांडीवर ताल धरून बसली. फ्रिजचा प्लग परत लावायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. दुपारी कोलंबीला वास यायला लागला तेव्हा आठवलं. शेवटी भावजींना वहिनीनं भात, वालाची उसळ आणि माझी पिचपिचीत डाळ वाढली. त्यांनी दोनदा भात घेतला.

पुढच्या पूजेत काकीनं माइक हातात घेऊन सांगितलं, सांगितल्याप्रमाणे. भावजी रविवारी येत राहिले. आल्यावर आधी यंत्रावरून एकदा झापायचे, हक्क सोडला नाही, मग पखवाज घ्यायचे. यंत्र मात्र काकीनं पुन्हा फारसं काढलेलं मला दिसलं नाही. देवघराखालच्या कप्प्यात फडक्यात पडून असायचं.

एका संध्याकाळी तिला विचारून मी ती फाईल माझ्या मोबाईलवर घेतली आणि माझ्या खोलीत, रस्त्यावरच्या टपरीवरून घेतलेल्या इअरफोनवर ऐकली. कॅसेटची खरखर, कुणाचा तरी खोकला, पोराचं रडणं. आणि गजर चढत गेला तसा बुवांचा आवाज एकदा पुढं पळाला, पखवाजानं धरला. पुन्हा पळाला, पुन्हा धरला. तिसऱ्यांदा निसटला. सगळं स्वच्छ. माझ्यासारख्या, पखवाज न कळणाऱ्या मुलीलाही कळावं इतकं स्वच्छ.

मी ताडकन उठून किचनमध्ये गेले. काकी कोथिंबीर निवडत होती.

"काकी, हे तर मोबाईलवरपण ऐकू येतंय! चक्क ऐकू येतंय!"

"मगे? माका ठावक आसा."

"अगं, मग ते दोन लाख?"

काकीनं माझ्याकडे असं बघितलं, की शिकून सवरून हिला एवढंही कसं कळत नाही.

"मोबाईलवर आसता," ती म्हणाली, "तर भावजी म्हणाले आसते, व्हॉट्सॲपवर धाड."